वाचकांचे प्रश्न: कॅम्परव्हॅनमधला बॅटरी चार्जर

गाडीतच मुक्कामाची सोय करून घेणारे वाढले, तशी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांची तऱ्हाही बदलली. पूर्वी ‘कोणती गाडी घ्यावी’ असं विचारलं जायचं. आता गाडी तयार असते, पलंग, ओटा, पंखे सगळं बसलेलं असतं आणि गाडं अडतं ते बॅटरीपाशी. या वेळी २३० व्होल्टच्या लायनीवर चालणाऱ्या चार्जरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. चार्जर स्वतः सहसा धोकादायक नसतो. झटके बसतात आणि आगी लागतात त्या त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरिंगमुळे, म्हणून उत्तरांत ब्रँडपेक्षा वायर, फ्यूज आणि अर्थिंगच जास्त भेटेल.

प्रश्न: ट्रॅव्हलरमध्ये १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या समांतर जोडल्या आहेत. किती अँपिअरचा चार्जर घ्यावा? मेव्हण्याचं म्हणणं, घरचा जुना इन्व्हर्टर पडून आहे, तोच बसव, चार्जर त्यात असतोच. (एक वाचक, पुणे)

उत्तर: लेड-अॅसिड बॅटरीला (ट्यूब्युलर त्यातलीच) तिच्या क्षमतेच्या १० टक्के करंट आरामात चालतो, २० टक्क्यांच्या वर जाऊ नये. तुमच्या ३०० एएचला ३० अँपिअरचा चार्जर योग्य. बॅटऱ्या निम्म्या उतरल्या असतील तर १५० एएच परत भरायचे आहेत. पहिले ९० एएच ३० अँपिअरने तीन तासांत जातात. पुढे बॅटरी स्वतःच करंट कमी घ्यायला लागते आणि शेवटच्या २० टक्क्यांना आणखी चार-पाच तास लागतात. मोठा चार्जर लावून हे शेवटचे तास फारसे कमी होत नाहीत, म्हणून ६० अँपिअरवर पैसे घालवू नका. रात्री लायनीला लावला की सकाळपर्यंत काम झालेलं असतं.

चार्जर तीन टप्प्यांचाच घ्या: आधी पूर्ण करंट, मग १४.४ व्होल्टच्या आसपास स्थिर व्होल्टेज, शेवटी १३.५ ते १३.८ वर फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच राखणारं हलकं चार्जिंग. गॅरेजमध्ये दिसतो तो मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा, अँपिअरचा काटा असलेला चार्जर गाडीत कायमचा बसवू नये. त्याला थांबायचं कळत नाही. बॅटरी भरल्यावरही तो रेटत राहतो, व्होल्टेज १६ पर्यंत चढतं आणि त्याच १२ व्होल्टच्या लायनीवरचे एलईडी, पंप, मोबाइलचे सॉकेट आधी जळतात.

मेव्हण्यांच्या इन्व्हर्टरबद्दल: बरेच घरगुती इन्व्हर्टर १० ते १५ अँपिअरच देतात, म्हणजे दोन बॅटऱ्यांना रात्रही पुरणार नाही. शिवाय ते भिंतीलगत एका जागी उभे राहण्यासाठी बनवलेले असतात. गाडीच्या हादऱ्यांनी आतले जड ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू आणि पीसीबीचे (सर्किट बोर्डाचे) जोड सैल होतात. आणि बहुतेक घरगुती इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल आत तोडलेलाच नसतो, आत येणारा आणि बाहेर जाणारा एकच. घरात फेज-न्यूट्रल एकदा जोडले की जागेवर राहतात. गाडी मात्र रोज नव्या सॉकेटला लागते, तिथे ते उलटे निघाले की तुम्ही ज्याला न्यूट्रल समजताय त्यावर फेज येऊन बसतो. स्वस्तात पडलं तरी आम्ही हा उद्योग सुचवणार नाही.

समांतर जोडणीत चार्जरची प्लस वायर एका बॅटरीच्या प्लसला आणि मायनस दुसऱ्या बॅटरीच्या मायनसला घ्या. दोन्ही वायरी एकाच बॅटरीवर घेतल्या तर ती जास्त राबते आणि दुसरी कायम अर्धपोटी राहते.

प्रश्न: ३० अँपिअरचा चार्जर आणला आहे. कुठे बसवायचा, कोणती वायर, कोणता फ्यूज, आधी काय जोडायचं? आमचा वायरमन घरच्या कामात पक्का आहे, पण गाडीचं काम त्याने केलेलं नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: वायरमनला हे उत्तर वाचायला द्या. घरच्या आणि गाडीच्या कामात तीन फरक आहेत: गाडी हलते, गाडीची बॉडी लोखंडी आहे आणि १२ व्होल्टच्या बाजूचा करंट घरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आधी जागा. चार्जर बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, पण बॅटरीच्या पेटीत किंवा तिच्या डोक्यावर नको. भरताना निघणारी अॅसिडची वाफ पंखा आणि पीसीबी खाते, आणि चार्जरमधली ठिणगी हायड्रोजनला पुरते. ४३० वॅट बॅटरीला देताना चार्जर लायनीतून सुमारे ५०० वॅट घेतो. मधले ७० वॅट उष्णता होऊन बाहेर पडतात. पलंगाखालच्या बंद कप्प्यात गोधड्यांच्या शेजारी ही उष्णता जायची कुठे? चारही बाजूंनी १० सेंमी मोकळी जागा, कप्प्याला खाली आणि वर जाळी, चार्जर उभा आणि त्याच्या अंगावरच्या, उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्याही (फिन) उभ्या ठेवा. खाली कार्पेट किंवा फोम नको.

२३० व्होल्टची बाजू अशी. गाडीच्या बाहेरच्या अंगाला झाकण असलेला १६ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल इनलेट बसवा. गाडीवर पिनांची बाजू, वायरीवर भोकांची बाजू. हे उलटं करून मग दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून घेणारे आहेत. तशी वायर एका टोकाला लावली की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट उभे असतात. इनलेटपासून शक्य तितक्या जवळ, दोन्ही पोल तोडणारा १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (एमसीबी आणि गळती झाली की तोडणारा आरसीसीबी, दोन्ही एकाच डब्यात) घ्या. दोन्ही पोल तोडणारा हवाच, कारण बाहेरच्या सॉकेटमध्ये फेज कोणत्या बाजूला असेल याचा भरवसा नाही. एसी टाइपऐवजी ए टाइप मागा. चार्जरसारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातून होणारी गळती साध्या लहरीची असतेच असं नाही आणि एसी टाइप ती चुकवू शकतो.

आरसीबीओपासून चार्जरला दीडची (१.५ चौरस मिमी, पुढचे आकडेही असेच) वायर आणि ६ अँपिअरचा एमसीबी पुरतो. इनलेट ते आरसीबीओ अडीचची. सगळी वायर बारीक तारांची, लवचीक. घराच्या भिंतीत घालतात ती जाड एकतारी वायर हादऱ्यांनी टर्मिनलपाशी तुटते. पत्र्यातून वायर जाईल तिथे रबरी ग्रोमेट घाला. ते विसरलात तर वर्षभरात पत्र्याची कड इन्शुलेशन कापते आणि फेज बॉडीला टेकतो. इनलेटच्या अर्थ पिनेपासून चॅसीला चारची हिरवी-पिवळी वायर घ्या. जिथे बोल्ट लावाल तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस. रंगावर आवळलेला बोल्ट दिसायला पक्का असतो, पण मल्टिमीटर लावला की त्यातून काहीच जात नाही असं कळतं.

आता १२ व्होल्टची बाजू, म्हणजे वायरमनला सवय नसलेली. ३० अँपिअरला चारची वायर पुरेल असं त्याला वाटेल, कारण ती तापणार नाही. पण इथे प्रश्न व्होल्टेज ड्रॉपचा आहे. चार्जर आणि बॅटरीत दीड मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर तांबं. दहाच्या वायरीत ३० अँपिअरला सुमारे ०.१६ व्होल्ट पडतात, चारच्या वायरीत ०.४. चार्जर १४.४ देतोय आणि बॅटरीला १४.० मिळतायत, असं झालं की चार्जर वेळेआधीच ‘भरली’ समजून टप्पा बदलतो आणि बॅटरी रोज थोडी उपाशी राहते. दीड मीटरपर्यंत दहाची, तीन मीटरपर्यंत सोळाची वायर घ्या. घेताना टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. बाजारात ते तांबं म्हणून खपवलं जातं आणि वजनाला लक्षात येण्याइतकं हलकं लागतं.

फ्यूज ४० अँपिअरचा, बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून २० सेंमीच्या आत. पुष्कळ जण तो चार्जरजवळ लावतात, कारण वीज चार्जरकडून येते अशी समजूत. शॉर्ट झाल्यावर चार्जर फार तर ३० अँपिअर देईल, बॅटरी मात्र हजारांत देते. वायर मध्येच घासून बॉडीला लागली तर ती पेटवणारी बॅटरी असते, आणि फ्यूज तिच्यापासून लांब असेल तर मधला तुकडा उघडाच राहतो. मिडी किंवा एएनएल पट्टीचा फ्यूज घ्या. काचेचा नको.

थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं बोल्टचं भोक असलेलं टोपण, हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या. पक्कडीने चेपलेलं किंवा नुसतं डाग दिलेलं थिंबल हादऱ्याने सैल होतं. बॅटरी मॉनिटरचा शंट (करंट मोजणारी पट्टी) असेल तर चार्जरची मायनस शंटच्या लोडकडच्या बोल्टवर घ्या. थेट बॅटरीच्या मायनसवर घेतली तर आत गेलेला करंट मॉनिटरला दिसत नाही आणि भरलेल्या बॅटरीतही तो ४० टक्के दाखवत राहतो.

जोडताना लायन बंद, आरसीबीओ खाली, फ्यूज काढलेला. चार्जरकडची टोकं आधी, मग बॅटरीची प्लस, मग मायनस, मग मीटरने ध्रुव तपासून फ्यूज आणि सगळ्यांत शेवटी लायन. फ्यूज घालताना छोटी ठिणगी दिसेल, ती चार्जरमधले कपॅसिटर भरण्याची. काढताना क्रम उलटा: आधी लायन बंद.

चालू केल्यावर अर्धा तास पूर्ण करंटवर जाऊ द्या. मग मीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर आणि चार्जरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. फरक ०.३ च्या वर असेल तर कुठला तरी जोड कच्चा आहे. तो शोधायला १२ व्होल्टच्या बाजूची वायर हाताने चाचपत जा: कोमट चालेल, बोट पाच सेकंद ठेववत नसेल तर तोच जोड. पहिल्या घाटप्रवासानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. एकदा तरी एखादा फिरतोच.

प्रश्न: होमस्टेमध्ये लायन घेतली की गाडीच्या दाराला, विशेषतः ओल्या पायांनी, हात लावल्यावर झिणझिण्या येतात. वायर काढली की थांबतं. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं तर तो व्यवस्थित पडतो. वायरमन म्हणतो घाबरायचं कारण नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: घाबरू नका, पण तशी गाडी वापरूही नका. आज मुंग्या आहेत, उद्या झटका असू शकतो.

आधी कारण. चार्जरच्या आत फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. सॉकेटला अर्थ असेल तर त्यांतून गळणारा अर्धा-एक मिलिअँपिअर निमूट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर गाडीची बॉडी फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. चार टायर इन्शुलेटरचं काम करतात. तुम्ही ओल्या जमिनीवर उभे राहून दार धरता तेव्हा तोच करंट तुमच्यातून जातो. ही झाली ‘निरुपद्रवी’ शक्यता. दुसरी अशी की वायर खरोखरच कुठेतरी बॉडीला टेकते आहे. नुसत्या झिणझिण्यांवरून दोन्ही सारख्याच वाटतात. डिजिटल मीटर दोन्हीकडे व्होल्टेज दाखवील. वायरमनने बॉडी आणि जमिनीत १५ वॅटचा टेस्ट लॅम्प लावून बघावं. कपॅसिटरची गळती असेल तर व्होल्टेज एकदम कोसळतं आणि दिवा लागत नाही. दिवा लागला, मंद का होईना, तर खरा दोष आहे.

टेस्ट बटणाबद्दल मोठा गैरसमज आहे. ते बटण आरसीसीबीच्या आतच एका रेझिस्टरमधून फेज-न्यूट्रल जोडून खोटी गळती तयार करतं. अर्थिंग असो वा नसो, ते पडणारच. त्यावरून आरसीसीबी जिवंत आहे एवढंच कळतं. अर्थिंग नसलेल्या गाडीत बॉडीवर फेज आला तर आरसीसीबी गप्प बसतो, कारण करंटला वाट नाही. वाट मिळते कुणीतरी दाराला हात लावल्यावर. मग तो पडतो खरा, पण मधली वायर तुम्ही झालेले असता. अर्थिंग असेल तर दोष झाल्या क्षणीच पडतो, कुणी हात लावायच्या आधी.

सॉकेट तपासायची रीत: कॅट-३ (लायनीवर वापरायच्या मीटरचा सुरक्षा दर्जा) लिहिलेला मल्टिमीटर एसीवर ठेवा. सॉकेटकडे तोंड करून वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल असायला हवं. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थही जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ ४०, ९०, ११० असं काहीतरी भटकत असेल तर अर्थची वायर जोडलेलीच नाही, तिसरं भोक शोभेचं आहे. न्यूट्रल-अर्थ २३० आलं तर फेज-न्यूट्रल उलटे आहेत.

अर्थ नसलेल्या ठिकाणी थांबायचंच असेल तर स्वतःची अर्थ रॉड जवळ ठेवा: ६० सेंमीचा तांब्याचा मुलामा असलेला रॉड, चारची वायर, चॅसीच्या बोल्टला क्लॅम्प. ओल्या जागी ठोका, वर बादलीभर पाणी. जांभ्यात किंवा मुरमात रॉडचा रोध काहीशे ओहम येतो आणि ‘एवढ्याने काय होणार’ असं वाटतं. आरसीसीबी असेल तर होतं: ५०० ओहम धरले तरी ३० मिलिअँपिअरला बॉडीवर फक्त १५ व्होल्ट चढतात आणि तो पडतो. आरसीसीबी नसेल तर मात्र हा रॉड कामाचा नाही. २३० व्होल्ट भागिले २०० ओहम म्हणजे सव्वा अँपिअरहून कमी. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही आणि गाडी २३० वर उभी राहते.

आणखी एक. गाडीतला आरसीसीबी गाडीच्या आतलंच सांभाळतो. सॉकेटपासून गाडीपर्यंत अंगणातून, पावसातून जाणारी वायर उघडीच राहते. प्लगच्या टोकालाच बसणारा ३० मिलिअँपिअरचा पोर्टेबल आरसीडी (आरसीसीबीसारखाच) मिळतो, कोकणातल्या पावसाळ्यात तो घ्याच.

मुंग्या जाणवल्या तर दार धरून आत जाऊ नका. सॉकेटचं बटण बंद करा, प्लग काढा, मग गाडीला हात लावा.

प्रश्न: मे महिन्यात चार्जिंग चालू असताना सडक्या अंड्यांसारखा वास आला. एक बॅटरी हात लावू देईना इतकी गरम होती. चार्जर नवा, तीन टप्प्यांचा आहे. (एक वाचिका, नागपूर)

उत्तर: तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो विषारी असतो. अशा वेळी बॅटरीचे क्लिप ओढायला जाऊ नका, ठिणगी पडेल. लायनीकडून चार्जर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, गाडीतला पंखाही लावू नका. तासाभराने बॅटरी थंड झाल्यावर पुढचं.

एकच बॅटरी गरम होती हे महत्त्वाचं आहे. तिचा एक सेल आतून शॉर्ट झालेला असणार. मग ती बॅटरी १० व्होल्टची होते आणि चार्जर तिला १२ ची समजून रेटत राहतो. भरून, दोन तास सोडून हायड्रोमीटरने सहाही सेल तपासा. एका सेलची ग्रॅव्हिटी (अॅसिडची घनता) बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी बाद. समांतर जोडीत खराब बॅटरी ठेवली तर ती चांगलीलाही खाली ओढते, म्हणून चांगली एकटी वापरा. जुनीच्या जोडीला नवी आणू नका.

विदर्भाच्या उन्हाचाही यात वाटा आहे. १४.४ हा आकडा २५ अंशांसाठी असतो. त्यावरच्या प्रत्येक अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण ०.०२ व्होल्ट कमी द्यायचे. ४५ अंशांना १४.०. बॅटरीच्या टर्मिनलला लागणारा तापमानाचा सेन्सर ज्या चार्जरसोबत येतो तोच तुमच्याकडे घ्यावा. नुसतं ‘तीन टप्पे’ लिहिलेल्या चार्जरमध्ये ही सोय असेलच असं नाही. नसेल तर उन्हाळ्यात दुपारी चार्ज करू नका, रात्री करा.

पेटीला हवा हवीच. भरलेल्या बॅटरीत जाणाऱ्या प्रत्येक एएचमागे सहा सेल मिळून सुमारे अडीच लिटर हायड्रोजन निघतो. पाच अँपिअर फुकट जात असतील तर तासाला साडेबारा लिटर. १०० लिटरच्या बंद कप्प्यात ४ लिटर साठले की, म्हणजे वीस मिनिटांत, मिश्रण पेटू शकतं. हायड्रोजन वर चढतो, म्हणून पेटीच्या सर्वांत वरच्या कडेला २५ मिमी नळी थेट गाडीबाहेर काढा आणि खालच्या बाजूला हवा आत यायला तेवढंच भोक ठेवा. झोपायच्या खोलीत उघडणारी जाळी ही हवा खेळती ठेवणं नव्हे.

प्रश्न: लेड-अॅसिड काढून २०० एएचची लिथियम बॅटरी बसवतोय. जुना चार्जर आणि इंजिनवरून चार्ज करणारी रिले तशीच चालेल ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: चार्जर कदाचित चालेल, रिले (इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा स्विच) नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटला १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात, ते जुना चार्जर देतो. अडचण त्याच्या ‘रिपेअर’ किंवा ‘इक्वलाइझ’ मोडची. त्यात तो १५.५ पर्यंत जातो. मग बॅटरीतला बीएमएस (तिला सांभाळणारं आतलं सर्किट) धाडकन तोडतो, आणि भार नसलेल्या चार्जरचं व्होल्टेज क्षणभर उसळून १२ व्होल्टच्या लायनीवरचं नाजूक सामान जाऊ शकतं. हा मोड बंद करता येत नसेल तर चार्जर बदला. फ्लोट १३.५ च्या वर नको. तापमानाचा सेन्सर असेल तर काढून टाका, लिथियमला ती वजाबाकी नको असते. शून्य अंशांखाली चार्जिंग मात्र अजिबात नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही, पण हिवाळ्यात स्पिती-लडाखला जाणार असाल तर बीएमएसमध्ये थंडीची कटऑफ आहे का, विकणाऱ्याला लेखी विचारा.

रिलेचं असं की लेड-अॅसिड बॅटरी भरत आली की स्वतःच करंट कमी करते. लिथियम तसं करत नाही, मिळेल तितकं ओढते. आल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं जनित्र) तासन् तास पूर्ण दमाने चालला की त्याची वाइंडिंग जळते, त्यातही घाटात हळू चढताना, जेव्हा हवा कमी आणि बॉनेटखाली भट्टी असते. शिवाय व्होल्टेजवर चालणारी रिले १२.८ च्या खाली सुटते, लिथियम भरलेली असताना १३.३ वरच बसलेली असते. त्यामुळे इंजिन बंद करूनही रिले सुटत नाही. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिनकडची वीज मोजून-मापून बॅटरीला देणारा) घाला. इग्निशनची वायर त्याला जरूर द्या, कारण नव्या बीएस-६ गाड्यांत आल्टरनेटरचं व्होल्टेज इंधन वाचवायला मुद्दाम खाली-वर केलं जातं आणि नुसत्या व्होल्टेजवरून इंजिन चालू आहे की नाही हे त्याला कळत नाही.

व्होल्टेज बघून लिथियम किती भरली हे ओळखता येत नाही. २० पासून ९० टक्क्यांपर्यंत काटा जेमतेम हलतो. शंटचा मॉनिटर घ्या.

प्रश्न: भावाने अमेरिकेतून आरव्हीचा ४५ अँपिअरचा कन्व्हर्टर-चार्जर आणला आहे. प्लग बदलून लावू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: आधी लेबल वाचा. ‘इनपुट’पुढे १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर लावा. नुसतं १२० असेल तर लावताक्षणी फुटेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर किमान दीड केव्हीएचा लागेल. तो दहा-पंधरा किलोचा लोखंडी ठोकळा गाडीत वागवण्यापेक्षा इथला चार्जर घ्या.

प्रश्न: ढाब्यावर चार्जर मध्येच बंद पडतो. एसी लावला तर एक्स्टेन्शनची गुंडाळी गरम होते. जनरेटर घ्यावा का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: संध्याकाळी ढाब्यावर १७० व्होल्टही मिळत असतील. चांगला चार्जर १७० ते २७० मध्ये चालतो, पण व्होल्टेज कमी तितका तो लायनीतून करंट जास्त ओढतो. त्यात वायर दीडची, २५ मीटर आणि गुंडाळलेली. एसी आणि चार्जर मिळून १० अँपिअर गेले की त्या वायरीत जवळजवळ ६० वॅट उष्णता तयार होते. सरळ पसरलेल्या वायरीतून ती उडून जाते. गुंडाळीत ती आतल्या आत साठते आणि मधले वेढे वितळून एकमेकांना चिकटतात. गुंडाळी दर वेळी पूर्ण उलगडायची, वायर अडीचची घ्यायची, आणि ढाब्यावर एसी नाही. चार्जर, पंखे, दिवे एवढंच.

कमी व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेजला घाबरा. पावसाळ्यात वाऱ्याने थ्री-फेज लायनीचा न्यूट्रल तुटला की सॉकेटवर ३०० च्या वर व्होल्ट येऊ शकतात. आरसीबीओच्या आधी १८० ते २६० च्या बाहेर तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. चार्जरच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

जनरेटर चार्जरसाठी घेत असाल तर इन्व्हर्टर प्रकारचा, किमान १ केव्हीए. स्वस्त चार्जरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या व्हीएपैकी वॅट म्हणून कामी येणारा वाटा) ०.६५ च्या आसपास असतो, म्हणजे ५०० वॅटला ७७० व्हीए लागतात. ५०० व्हीएचा छोटा जनरेटर त्यामुळेच धापा टाकतो. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल सहसा अर्थला जोडलेला नसतो, तेव्हा त्यावर चालवताना गाडीतला आरसीसीबी वाचवेल हे गृहीत धरू नका. आणि तो गाडीपासून किमान सहा मीटर लांब, धूर वाऱ्याच्या दिशेने पलीकडे जाईल असा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपताना बंद.

प्रश्न: युरोपात मोटरहोम भाड्याने घेतोय. तिथल्या कॅम्पसाइटच्या लायनीबद्दल काय लक्षात ठेवावं? (एक वाचक, म्युनिक)

उत्तर: गाडीतल्या चार्जरला हात लावायची गरज पडत नाही, निळ्या तीन पिनी वायरीने लायन घेतली की तो आपोआप सुरू होतो. आधी लायन ज्यातून मिळते त्या खांबावर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. फ्रान्स-इटलीत ६ अँपिअरचे खांब पुष्कळ दिसतात. ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. त्यात चार्जर ५०० घेतोय आणि तुम्ही २००० वॅटची किटली लावलीत की खांबातला एमसीबी पडतो. खांबाला कुलूप असतं, चावी ऑफिसात आणि ऑफिस रात्री बंद. जुन्या खांबांसाठी एक युरोपियन घरगुती प्लगचा अॅडॉप्टर जवळ असू द्या.

प्रश्न: पावसाळ्याचे चार महिने गाडी उभी राहील. चार्जर चालूच ठेवू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: लेड-अॅसिड असेल आणि चार्जर खरोखर फ्लोटवर जात असेल तर ठेवा, पण महिन्यातून एकदा पाणी बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, आरओचं नाही. विजा चमकत असतील त्या दिवशी प्लग काढून ठेवा. रोज जाऊन बघणारं कोणी नसेल तर चालू ठेवण्यापेक्षा दर पंधरा-वीस दिवसांनी एक रात्र लावणं बरं. लिथियम असेल तर ५०-६० टक्क्यांवर आणून प्लस वायर सोडवून ठेवा, भरलेली ठेवू नका. नुसते स्विच बंद करून भागत नाही. गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, मॉनिटरचा डिस्प्ले मिळून ३० मिलिअँपिअर घेत असतील तरी १२० दिवसांत ८६ एएच जातात.